जेठीच्या नवऱ्याचा कान

डहाणू रोडच्या बाजारात आमचा एक गाळा आहे आणि त्या एका गाळ्यात दोन दुकानं आहेत. डाव्या बाजूला माझे यजमान शरदराव पासपोर्ट साइझचे फोटो काढतात, उजव्या बाजूला मी फोटोवरून पेन्सिलीने माणसं काढते. त्यांचं गिऱ्हाईक चहा पिऊन होईस्तोवर फोटो घेऊन जातं. माझं गिऱ्हाईक चित्र न्यायला येतं तेव्हा सोबत आत्या, मामी आणि शेजारीण असं परीक्षक मंडळ घेऊन येतं.

फोटो हातात धरून उभं असलेलं गिऱ्हाईक मला सगळ्यात आधी विचारतं, "मॅडम, फोटो आहेच, मग त्याचं चित्र कशाला काढायचं?" पूर्वी मी कलेबिलेच्या भाषेत काहीतरी सांगायचे. आता सरळ सांगते, की फोटोत तुम्ही दिसता तसे येता आणि चित्रात तुम्हाला वाटतं तसे येता. लगेच ऑर्डर देतात.

बोर्डीला समुद्रावर आलेले पाहुणे परत जाताना कधी दुकानात डोकावतात. "वारली पेंटिंग आहे का?" मी म्हणते, "ते पलीकडच्या गल्लीत मिळेल. माझ्याकडची माणसं नाचत नाहीत, नुसती टक लावून बघतात." ते चित्रांकडे बघतात, चित्रं त्यांच्याकडे बघतात, आणि पाहुणे पलीकडच्या गल्लीत जातात.

कामात गूढ काही नाही. फोटोवर बारीक चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कागदावर मोठ्या करून आखायच्या आणि एकेका चौकटीत जे दिसतं तेवढंच उतरवायचं. नाक काढायला जायचं नाही. नाकाच्या बाजूची सावली काढायची, नाक आपोआप येतं. केस एकेक करून काढायचे नाहीत. दातांच्या मधल्या रेघा तर चुकूनसुद्धा काढायच्या नाहीत, नाहीतर हसणारी नवरी मक्याचं कणीस तोंडात धरल्यासारखी दिसते. बुबुळावरचा चमकता ठिपका कोरा सोडायचा. तो भरला गेला, की धडधाकट माणूससुद्धा हार घालण्याच्या लायकीचा होतो.

आणि चेहरा ओळखीचा वाटायला लागला, की फोटो उलटा करायचा, डोकं खाली. ओळख झाली की हात समोरचं बघणं सोडून मनातलं काढायला लागतो. त्यामुळे माझ्या टेबलासमोर कायम कुणाचे ना कुणाचे वडील उलटे टांगलेले असतात. एकदा एका गृहस्थांनी आपल्या सासऱ्यांना तसं पाहिलं. मी फोटो सुलटा करायला उठले तर म्हणाले, "असू दे, असू दे," आणि बराच वेळ समाधानाने बघत उभे राहिले.

बोर्डीला चिकूची वाडी असलेले एक शेठ आले होते. वडिलांचा एकुलता एक फोटो, आणि त्यात नेमके डोळे मिटलेले. "बेन, बापाजीचे डोळे उघडून द्या." मी शेठच्याच डोळ्यांचा फोटो घेतला आणि ते डोळे वडिलांना बसवले. सगळे खूश झाले. मग त्यांची म्हातारी फोई, म्हणजे आत्या, पुढे आली, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "काम चोख आहे. पण माझ्या भावाने जन्मात कुणाकडे इतक्या प्रेमाने बघितलं नाही." तिने चित्र मात्र आपल्याच खोलीत लावून घेतलं.

दुसरे एक सरावलीचे शिक्षक. त्यांनी स्वतःचा सेल्फी दिला. काही मोबाइल सेल्फी आरशासारखा उलटा ठेवतात, म्हणजे उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावर जातो. हे मला ठाऊक होतं, पण गुरुजींच्या मोबाइलने तो उलटा केलाय की नाही हे कळायला मार्ग नव्हता. गुरुजींना चित्र फार आवडलं, कारण आपण स्वतःला रोज आरशातच बघतो. त्यांच्या बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "हे तुमचे भाऊ का?" गुरुजी तीळ दाखवत होते, बाई मान हलवत होत्या. शेवटी मी तीळ पुसून पलीकडे नेला, भांग फिरवला, तेव्हा बाईंना नवरा मिळाला आणि गुरुजींचा चेहरा पडला.

यावरून मला शहाणपण यायला हवं होतं. आलं नाही. ते यायला जेठीची गाठ पडावी लागली.

झालं असं. सविता नावाची एक मुलगी दुकानात आली. तलासरीकडच्या पाड्यावरची, उंबरगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जाणारी. नीटनेटका ड्रेस, खांद्याला पर्स, बोलणं एकदम मुद्द्याचं.

"ताई, माझ्या आईबाबांचं एकत्र चित्र पाहिजे. लग्न आहे."

"तुझं?"

"माझं पण आहे. पण आधी त्यांचं."

मी पेन्सिल खाली ठेवली. तिकडच्या पाड्यांवर ही रीत जुनी आहे. दोघं एकत्र राहायला लागतात, संसार होतो, मुलं होतात आणि लग्नाचा विधी सवड होईल तेव्हा होतो. कधी कधी सवडच होत नाही. पण मुलांचं लग्न लागायचं तर आधी आईबापांचं लागलेलं असावं लागतं. म्हणून एकाच मांडवात आधी आई नवरी होते, मग मुलगी. हे मला ऐकून माहीत होतं, पण अशा नवरीचं चित्र काढायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

"त्यांचा एकत्र एकही फोटो नाही," सविता म्हणाली. "मांडवाच्या दारात दोघांचं चित्र लावायचं आहे. सगळ्यांनी आत येताना बघायला पाहिजे."

तिने मोबाइल काढला. आईचा फोटो अंगणातला होता. उन्हात उभी असलेली एक काटक बाई, तोंडाला पदर लावून हसत होती. म्हणजे हसतेय हे डोळ्यांवरून समजायचं, खालचा सगळा कारभार पदराआड. बाबांचा फोटो आधार कार्डावरचा. आधार कार्डावर चांगली माणसंसुद्धा जामिनावर सुटून आल्यासारखी दिसतात, आणि हे गृहस्थ तर मुळातच कॅमेऱ्याला घाबरत असावेत. एक डोळा अर्धा मिटलेला, गाल आत, पुढचा एक दात नाही, आणि उजव्या कानाची खालची पाळी अंधुक, फाटल्यासारखी.

"बाबा फोटो काढूच देत नाहीत," सविता म्हणाली. "मोबाइल वर केला की तोंड फिरवतात. हा कार्डावाल्या माणसाने कसा काढला कुणास ठाऊक. ताई, बाबांना जरा नीट काढा. म्हणजे डोळा सरळ करा. कान पण जरा नीट करा. आणि हे घाला." तिने एक दुसरा फोटो दाखवला. कुठल्यातरी जाहिरातीतला तरुण, अंगात सूट, टाय.

आता दोन वेगवेगळ्या फोटोंमधली माणसं एका कागदावर आणणं म्हणजे दोन भांडलेल्या सोयऱ्यांना एका बाकावर बसवण्यासारखं आहे. एकावर ऊन डावीकडून, दुसऱ्यावर उजेड समोरून. एकाचं डोकं मोठं, एकाचं लहान. काळजी घेतली नाही तर बघणाऱ्याला वाटतं, यांची आताच रस्त्यात ओळख झाली. मी सगळं कसब पणाला लावलं. बाबांवरही डावीकडून ऊन पाडलं. डोळा उघडला, गाल भरले, दात बसवला, कानाला नवीन पाळी दिली. सूट तर असा काढला, की इस्त्रीची घडी बोटाला लागावी.

शरदराव हातातलं काम टाकून बघायला आले. "काय ग, हे बँक मॅनेजर कुठल्या शाखेचे?"

"तुम्ही तुमचे पासपोर्ट बघा," मी म्हटलं.

चित्र न्यायला सविताला कंपनीतून सुट्टी मिळेना. तिने फोनवर आग्रह केला, ताई तुम्हीच घेऊन या, आदल्या दिवशी या, लग्नाला थांबा. फ्रेम जुन्या चादरीत गुंडाळून आम्ही दोघं एसटीत बसलो. कंडक्टरने चादरीकडे बघून आवाज खाली आणला आणि विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. नवरानवरी आहेत."

त्याने चादरीचं टोक उचलून बघितलं. तिकिटं दिली आणि मागे जाऊन ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा आवाजात कुणालातरी सांगितलं, "या वयात पण करतात लोक."

तलासरीहून पुढे भाड्याच्या ईको गाडीने पाड्यावर पोचलो. मांडवावर हिरव्या डहाळ्या चढत होत्या. आत भिंतीवर बायका तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहीत होत्या. सविताने चादर सोडवली, फ्रेम मांडवाच्या खांबाला टेकवली आणि सगळा पाडा गोळा झाला. "लय भारी," "फोटोच हाय," "सूट बघ सूट." मी नम्रपणे पदर सावरून उभी होते. अशा वेळी मला माझ्याइतकं नम्र कुणी वाटत नाही.

"आईला बोलवा रे," सविता ओरडली.

जेठी बाहेर आली. भाकरी करता करता उठून आलेली, दोन्ही हात पिठाचे. तिची बोली मला कागदावर जशीच्या तशी उतरवता येणार नाही. अर्धी तिची, अर्धी माझी अशी लिहिते. तिने हात अंगापासून दूर धरले, वाकून चित्र बघितलं, आधी स्वतःला, मग शेजारच्याला.

"मी बरी हाय," ती म्हणाली. "हा कोण?"

लोक हसले.

"आई, बाबा आहेत ना," सविता म्हणाली.

"नाय. ह्या माणसाला मी कधी भाकर घातली नाय."

लोक आणखी हसले. जेठी मात्र हसत नव्हती. तेवढ्यात मागून नवशा आला, सविताचे बाबा, म्हणजे नवरदेव. उंच, वाळका, खांद्यावर टॉवेल. तो चित्रासमोर उभा राहिला. मग हळूच त्याने हाताने केस मागे सारले, हनुवटी वर केली, थेट चित्रातल्यासारखी.

"मीच हाय," तो म्हणाला. "असाच हाय मी."

"तू नायस."

"मी नाय तर कोण हाय?"

"तेच तर मी विचारते." जेठी माझ्याकडे वळली. "बाय, तू काढलास?"

"हो."

"ह्याचा कान कुठं गेला?"

मी म्हटलं, "कान आहे की. फाटलेला होता, मी जरा नीट केला."

जेठीने कमरेवर हात ठेवले. लुगड्यावर पिठाचे दोन पंजे उठले. "तो कान मी तोडला होता. दातानं. तू कोण परत लावणारी?"

ही गोष्ट पाड्यावर सगळ्यांना ठाऊक असावी, कारण धक्का फक्त मला आणि शरदरावांना बसला होता. बाकीचे लोक पुढचं ऐकायला सरसावून उभे होते.

"ह्यानं माझी शेळी विकली," जेठी म्हणाली. "मना न विचारता. बाजारात नेली, विकली, आणि रेडिओ आणला. गाभण शेळी हो! रात्रभर गाणी लावली. मग मी कान तोडला."

"रेडिओ चांगला होता," नवशा म्हणाला.

"रेडिओ दूध देत होता काय?"

सविताला वाटलं, संपलं, आता सगळे हसतील आणि कामाला लागतील. पण जेठीने पिठाचे हात झटकले आणि शांतपणे जाहीर केलं, "ह्या सूटवाल्याशी मना लगीन करायचं नाय." आणि ती आत जाऊन चुलीपाशी बसली.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग एकेक बाई आत जाऊन बाहेर आली. जेठी भाकरी थापत होती आणि त्याच एका वाक्यावर होती. सविता म्हणाली, चित्र काढून टाकू, लावायचंच नाही. जेठी आतून म्हणाली, "लावलं नाय तरी घरात राहील. माझ्या माणसात काय खोट होती म्हणून लग्नाला दुसरा आणला?" सविता म्हणाली, मी तर बरं दिसावं म्हणून सांगितलं. तर जेठी म्हणाली, "तुझ्या लग्नाला तुझा नवरा बदलून आणू काय?"

धवलेरी ओटीवर बसली होती. तिकडे लग्न ही बाई लावते, गाणी म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "नवरी बसली नाय तर मी गाऊ कोणासाठी? आणि आईचं नाय लागलं तर पोरीचं लावू कसं?"

आता सविता रडायला लागली. दुसऱ्या दिवशी तिचं वऱ्हाड येणार होतं. शरदराव माझ्याकडे बघत होते. ते बोलत नाहीत तेव्हा जास्त बोलतात. मला मनातून फार लागलं. सविताने सांगितलं म्हणून मी केलं हे खरं, पण हात माझा होता, आणि पाळी जोडताना मला फार मजा आली होती. आजवर मी किती जणांचे डोळे सरळ केले, गाल भरले, टकलावर केस पेरले. किती बायकांच्या भिंतीवर परके पुरुष टांगून आले, आणि त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत.

मी चुलीपाशी जाऊन जेठीसमोर पाटावर बसले. "मावशी, कान परत तोडते."

तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "येईल?"

"येईल. डोळा पण मिटते. दात काढते. तुम्ही सांगाल तसं."

"मी समोर बसणार."

"बसा."

बोलून बसले खरी. पेन्सिली आणि पिठाच्या गोळ्यासारखं मऊ खोडरबर माझ्या पर्समध्ये कायम असतं. नव्हता तो फोटो. आधार कार्डावर तर कान म्हणजे नुसता एक राखाडी डाग होता. आणि मी आयुष्यभर फोटोवरूनच माणसं काढली आहेत. फोटो हलत नाही, बोलत नाही, खाजवत नाही. समोर जिवंत माणूस बसवून मी कधी काढलेलं नव्हतं, आणि हे त्या मांडवात सांगायची सोय नव्हती.

शरदराव म्हणाले, "मी मोबाइलवर कानाचा फोटो घेतो, त्यावरून काढ." त्यांनी मोबाइल वर केला. नवशाने तोंड फिरवलं. ते पलीकडे गेले, त्याने अलीकडे फिरवलं. खांबाभोवती दोघांची फुगडी झाली. चाळीस एक वर्षं लोकांना "हलू नका" सांगत आलेला माझा नवरा तिथे हरला.

शिवाय नवशाला चित्रात बदल नकोच होता. "माझा चेहरा हाय, मी पसंत केला," तो म्हणाला. "तिला नको तर तिनं डोळे मिटून लगीन करावं."

"बस," जेठी म्हणाली.

नवशा बसला.

शरदरावांनी विळ्याच्या टोकाने फ्रेमच्या मागचे खिळे उचकले आणि काच बाजूला ठेवली. मी मांडवात खाटेवर बसले, समोर पाटावर नवशा, माझ्या खांद्याशी जेठी, तिच्यामागे सगळा पाडा. सुरुवातीला मी त्याच्या तोंडावरही चौकटी शोधत होते. नवशाने तोंड हलवलं की कान वर जायचा. कानही हलतो हे मला माहीत नव्हतं. फोटोतले कान किती गुणी असतात! मग मी चौकटी डोक्यातून काढून टाकल्या आणि नुसती बघत राहिले. पाळी मी समजत होते तशी फाटलेली नव्हती. खालून चंद्रकोरीसारखा एक घास नाहीसा होता.

"अजून," जेठी मागून म्हणाली. मी आणखी पुसलं. "अजून. माझं तोंड काय एवढंच हाय?"

"एवढं नव्हतं तोडलं," नवशा म्हणाला.

"तुला काय दिसलं? तू तर पळत होतास."

डोळा मिटायला लागले तेव्हा जेठीने सांगितलं, की तो डोळा जन्माचा तसा नाही. खोटं बोलताना मिटतो, आणि कार्डावाल्याने वय विचारलं असणार. मी विचारलं, "मग अर्धा मिटू की उघडा ठेवू?" तिने जरा विचार केला. "अर्धा मीट. लग्नात बोलायचं तर हाय त्याला." दात गेला तो ताडाच्या झाडावरून उतरताना. नवशाचं म्हणणं होतं चढताना. यावर पाड्यात दोन पक्ष पडले. गालांवरची सावली परत आली, हनुवटी खाली आली. बँक मॅनेजर हळूहळू कागदावरून निघून गेला आणि टॉवेल खांद्यावर टाकलेला माणूस आत येऊन बसला. फक्त टॉवेलच्या जागी सूट होता.

"सूट काढू का?" मी जेठीला विचारलं.

नवशाने घाबरून तिच्याकडे बघितलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "लगीन हाय. माणसानं बरं कापड घालावं."

पेन्सिलीचा गडद थर एकदा कागदात बसला, की पूर्ण निघत नाही. कितीही पुसा, खाली फिकट खूण राहते. नवशाच्या नव्या कानामागे जुन्या धडधाकट पाळीची राखाडी सावली राहिली. मी ती दाखवली आणि माफी मागितली. जेठी वाकून बघत म्हणाली, "ऱ्हाऊ दे. शेळी विकायच्या आधीचा असेल."

मला वाटलं सुटले. मी पेन्सिली गोळा करायला लागले, तर पाटावरून नवशा म्हणाला, "आता हिचा."

"माझं काय? मी बरी हाय."

"पदर काढ तिच्या तोंडावरचा," नवशा मला म्हणाला. "ही कधी तोंड झाकून हसली? पोरीनं मोबाइल धरला म्हणून झाकलं. मी हाय तसा, तर ही पण हाय तशी पायजे."

पाडा एकदम त्याच्या बाजूचा झाला. जेठीने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, नाय. धवलेरी ओटीवरून म्हणाली, "त्याचं बरोबर हाय." पण पदराखालचं हसू माझ्याकडे कुठेही नव्हतं. फोटोत नाही ते मी कुठून आणणार?

"हसव तिला," मी नवशाला म्हटलं.

त्याने विचार केला. मग गंभीर चेहऱ्याने, एक डोळा अर्धा मिटून, जेठीला विचारलं, "तुना रेडिओ घेऊन देऊ?"

जेठी हसली. पदर कुठल्या कुठे गेला. डोकं मागे, तोंड उघडं, हिरड्या दिसतील असं, आणि आवाज असा की मांडवावरचे गडी खाली वाकून बघायला लागले. मला ते हसू घाईघाईत मिळेल तेवढं टिपावं लागलं; दातांच्या रेघा काढायला वेळच नव्हता. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अशुद्ध काम आहे. प्रमाण चुकलंय, एक गाल जरा मोठा झालाय, आणि बायका अजून ते बघून म्हणतात, ही आता काहीतरी बोलणार.

दुसऱ्या दिवशी लग्नं लागली. आधी जेठीचं. ती हळदीत न्हालेली, खाली मान घालून बसली होती, आणि धवलेरी गात होती. नवशाने चित्रातला सूट खरोखरच घातला होता, होणाऱ्या जावयाकडून मागून आणलेला. बाह्या मनगटाच्या बऱ्याच अलीकडे संपत होत्या. सविता आईच्या मागे उभी राहून रडत होती, आणि तिच्या स्वतःच्या लग्नात मात्र ती एकदाही रडली नाही. मांडवाच्या दारात येणारा प्रत्येक पाहुणा आधी चित्राजवळ थांबायचा, मग आत जाऊन नवशाच्या कानाकडे बघायचा, आणि समाधानाने जेवायला बसायचा.

त्यानंतर माझ्या धंद्याला वेगळंच वळण लागलं. तलासरीकडच्या बायका फोटो आणेनाशा झाल्या. नवऱ्यालाच दंडाला धरून आणतात, स्टुलावर बसवतात, आणि माझ्या खांद्याशी उभ्या राहून सांगायला लागतात. सरावलीच्या बाईसुद्धा गुरुजींना घेऊन एकदा येऊन गेल्या. शरदराव आपल्या बाजूने हे सगळं ऐकत असतात आणि मी त्यांच्याकडे निरखून बघायला लागले, की काहीतरी आणायला बाजारात जातात.

मध्ये एका दुपारी नवशा एकटाच दुकानात आला. बसने आला होता, चपला बाहेर काढून आत आला. सविताला मुलगा झाला होता आणि जेठी बाळंतपणाला उंबरगावला जाऊन राहिली होती.

"कधी येणार मावशी?"

"ठाव नाय. पोर सोडत नाय म्हणते." तो स्टुलावर बसला. जरा वेळ भिंतीवरची चित्रं बघत राहिला. मग म्हणाला, "तिचं एक काढून दे. एकटीचं. मना नको त्यात."

"अहो, तुमच्या दोघांचं आहे की घरी."

"त्यात हसते. हसते तेव्हा बोलत नाय." त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "घरात काय आवाजच नाय. भांडताना काढ."

मी हसले. म्हटलं, "नवशाभाऊ, पेन्सिलीने चेहरा काढता येतो. आवाज कसा काढू?"

"तू तोंड उघडं काढ," तो म्हणाला. "काय बोलते ते मना ठाव हाय."